पंकजाआत्याचं बोलावणं

रोज सकाळी दुसरी कॉफी संपली की पंकजाआत्या एका घरी फोन लावायची. एकाच. आज मेलकावेरीतल्या विजयराघवाकडे, उद्या नाचियार्कोविलच्या सुब्बलक्ष्मीकडे, परवा तिरुविडैमरुदूरला कल्याणरामाकडे. पलीकडून आवाज आला की म्हणायची, "मी पंकजा बोलते. काही नाही. फोन वाजतो का पाहिलं." मग पाच मिनिटं कोणाचा गुडघा, कोणाच्या नातीची परीक्षा. कुंभकोणम् आणि आसपास, तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेली, आमची मराठी घरं साठ. सगळी व्हायला दोन महिने लागत. झाली की पुन्हा पहिल्यापासून.

ती माझ्या वडिलांची चुलत बहीण. तालुका कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होती, लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर मेलकावेरीत, आमच्या शेजारच्या घरात, थोरल्या भावाबरोबर राहायची. पण तिला कोणी टायपिस्ट म्हणून ओळखत नसे. ती बोलावणं सांगायची.

आमच्यात पत्रिका छापतात, पण नुसत्या पत्रिकेवर कोणी येत नाही. कोणीतरी तोंडानं सांगावं लागतं, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन, आणि आमच्या बोलीत. ही बोली आम्ही उंबऱ्याच्या आत बोलतो; बाहेर पाऊल पडलं की तमिळ. सांगायचं काम आधी आत्याच्या आईकडे होतं, मग तिच्याकडे आलं. लग्न किंवा बारसं असेल तर, "मी पंकजा बोलते. हळदीकुंकू घे." मरण असेल तर, "मी पंकजा बोलते. नदीवर यायचं." मग गेलेल्याचं नाव, आणि फोन ठेवायचा. दोन्हींत स्वतःचं नाव आधी. कोण बोलतंय हे ऐकणाऱ्याला कळावं, त्यानं हातातलं खाली ठेवावं, मग बातमी. आईनं तिला तसं शिकवलं होतं आणि तिनं ते कधी मोडलं नाही.

तिचा फोन न उचलणारं घर नव्हतं. आयुष्यात तिनं जमवलेलं म्हणून काही असेल तर ते एवढंच.

"मी मेलों तर माझ्याआधी हिची साठ घरं नदीवर पोचतील," तिचे थोरले भाऊ, वैद्यनाथकाका म्हणायचे.

"तूं आधी मर तरी अण्णा. सांगायला मज काय, अर्धा तास पुरे."

तीन वर्षांपूर्वी दिव्याच्या तेलाच्या एका कंपनीनं फोनवर मालिका सुरू केली. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिची जाहिरात आमच्या घरानं पुष्कळ केली आहे. रोज संध्याकाळी सहाला, दिवा लावायच्या वेळेला, सात मिनिटांचा भाग. नित्या नावाची नवी सून, कजाग सासू, परगावी असलेला नवरा. भाग संपताना नित्या दिवा लावायची आणि थेट आपल्याकडे बघून विचारायची, आता मी काय करू? खाली दोन उत्तरं असत. बोट लावलं की थोड्या वेळानं तिचा आवाज येई, "पंकजा अक्का, तुम्ही सांगितलंत तसंच करते हं."

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा आत्यानं फोन पदरानं पुसला.

"तिला कसं कळलं माझं नांव?"

"तूंच दिलंस की," काका म्हणाले. "आणि तिला पूस, तिच्याकडे वीज कधीच येत नाही काय? सात मिनिटांत सात दिवे लावते."

"तुला चेष्टाच येते. तिला सांगायला कोणी नाही बिचारीला."

दिवसभरात आत्याचा सल्ला कोणी विचारत नसे हे आमच्या तेव्हा लक्षात आलं नाही. लग्न ठरल्यावर सगळे तिच्याकडे येत, ठरवताना कोणी नाही.

मालिका बघणाऱ्यांना कंपनी 'कुडुंबम्' म्हणायची, म्हणजे कुटुंब. दहा घरं आणली की तुम्ही अक्का, पन्नास आणली की पेरियक्का, थोरली बहीण. आत्या पंधरा दिवसांत पेरियक्का झाली. तिनं जे येत होतं तेच केलं. एकेका घरी फोन लावला आणि म्हणाली, "मी पंकजा बोलते. हळदीकुंकू घे. संध्याकाळी सहाला नित्याच्या घरी यायचं." लोक हसले. पण पंकजानं बोलावलं म्हटल्यावर गेले. फोनमधली सगळी नावं एकदम मालिकेच्या गटात कशी टाकायची, 'सर्व निवडा' कुठे दाबायचं, हे तिला येत नव्हतं. ते मी दाखवलं.

महिन्याभरानं जयकुमार आला. कंपनीचा माणूस, तिशीचा, नम्र. चपला रस्त्यावरच काढून आत आला. कुंभकोणम्‌ची साठ घरं रोज शेवटपर्यंत भाग बघतात, एकही गळत नाही, हे त्यांना चेन्नईत बसून दिसलं होतं.

"अम्मा, तुम्ही असं करता तरी काय?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"बोलावणं सांगते."

"मला सांगून दाखवा ना."

तिनं दाखवलं. जयकुमारला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तो कॉफी हातात धरून तसाच राहिला. म्हणाला, "आम्ही जाहिरात करत नाही अम्मा, नाती जोडतो. घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी बोलणारी किती माणसं आहेत या जिल्ह्यात! तेलुगू, सौराष्ट्री, कन्नड, तुम्ही. त्यांच्या घरच्या भाषेत आजवर कोणी दिव्याला बोलावलं आहे का?"

नाही, असं आत्या म्हणाली. खरंच कोणी बोलावलं नव्हतं.

तेव्हाच तिथल्या तिथे, पंखा बंद करून, त्यानं तिचा आवाज उतरवून घेतला. एक सणाचं बोलावणं, एक शुक्रवारचं, एक नव्या भागाचं. मग फोन पुढे करून होकाराच्या चौकटीवर तिचं बोट लावून घेतलं. जाताना त्यानं नाचियार्कोविलचा पितळी दिवा दिला. पायथ्याशी कंपनीचं चिन्ह कोरलेलं होतं. आत्या आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला तो दिवा दाखवत होती.

"राणी जाहलीस," काका म्हणाले. "आतां त्या सासूला हाकल आणि तूंच जाऊन राहा तिथे."

नवरात्रात फोन सुरू झाले. घराघरांत फोन वाजे, नंबर आत्याचाच दिसे आणि आवाज येई, "मी पंकजा बोलते. हळदीकुंकू घे." लोक म्हणत, "बोल पंकजा, कोणाकडचं?" आणि आवाज पुढे तेलाबद्दल बोलत राही. सुब्बलक्ष्मीनं तर पहिल्या दिवशी देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा आणून हातात धरला होता. नंतर दर शुक्रवारी. मग भागाला अर्धा तास उरला की. मग दुपारी, जेवण करून लोक पडलेले असताना. आत्याचे सकाळचे फोन आता दोन वाक्यांत संपू लागले. काहींचे वाजून वाजून थांबत. ती म्हणायची, "कामांत असतील."

एकदा काकांनी विषय काढला. चेष्टा न करता.

"पंकजा, लोक कंटाळले. त्या पोराला सांग, बंद कर म्हणून."

"माझ्या आवाजाला कोण कंटाळेल, अण्णा?"

शेवटपर्यंत काकांनी ते पुन्हा काढलं नाही.

पुढच्या वर्षी मासी महिन्यात, म्हणजे माघाच्या सुमारास, सकाळी आंघोळीचं पाणी तापत असताना, वैद्यनाथकाका न्हाणीच्या दारात पडले. डॉक्टर येऊन गेले तेव्हा सव्वासात झाले होते. दुपारी बाराच्या आत न्यायचं ठरलं. आत्या रडली नाही. तिनं तोंड धुतलं, ओटीवर बसली आणि पहिला फोन लावला.

"मी पंकजा बोलते—"

फोन बंद झाला.

दुसरा. तिसरा. काही वाजतच नव्हते. तिचा नंबरच लोकांनी अडवून ठेवला होता. जे उचलत ते तिच्या नावापुढे थांबत नसत. मी शेजारी बसून ऐकत होते. प्रत्येक वेळी तेच तीन शब्द आणि मग शांतता.

"आत्या, नाव नको सांगू," मी म्हटलं. "उचलला की थेट 'नदीवर यायचं' म्हण."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नांव न सांगतां? मरण सांगायचं ते चोरासारखं?"

तरी एकदा तिनं प्रयत्न केला. विजयराघवानं उचलला. आत्यानं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून नावच आलं. विजयराघवाचं घर आमच्यापासून चौथ्या गल्लीत आहे.

मी माझ्या फोनवरून लावले. अनोळखी नंबर म्हणून कोणी उचलेना. गटात लिहिलं, तर त्यावर लगेच तेलाची तीन चित्रं चढली. नऊ वाजता माझा भाऊ सायकल घेऊन विजयराघवाकडे गेला. ते देवळात गेले होते, घराला कुलूप. बाकीची घरं गावोगाव पांगलेली, बाराच्या आत सायकलनं पोचणं शक्य नव्हतं. शेवटी काकांना शेजारच्या तमिळ घरांतल्या चौघांनी उचललं. माझे वडील आणि भाऊ धरून आमची माणसं नदीवर पाच होती. साठ घरांतून पाच माणसं, आणि ती पाचही आमच्याच अंगणातली.

आम्ही परत आलो. आत्या ओल्या लुगड्यानं भिंतीला टेकून बसली होती. सहा वाजून गेले, आणि फोन आपणहून बोलला. नित्याचा आवाज. "पंकजा अक्का, आज तुम्ही आला नाहीत. मी वाट बघते आहे." त्या दिवशी तिची चौकशी करणारा तो एकच फोन.

तिसऱ्या दिवशी कल्याणराम आला. तिरुविडैमरुदूरच्या बसस्टँडच्या भिंतीवर आमच्या शेजाऱ्यांनी लावलेला श्रद्धांजलीचा कागद त्यानं पाहिला होता. दारातूनच ओरडत आला.

"माझा वैद्यण्णा गेला आणि मी भिंतीवर वाचूं? एक फोन करतां आला नाही तुला?"

"केला," आत्या म्हणाली. "सातावर वीस मिनिटं जाहलीं होतीं. तूं उचललास."

कल्याणराम तिथेच पायरीवर बसला. म्हणाला, "मज वाटलं, तेल."

आत्यानं त्याला पाणी दिलं. कंपनीला मी फोन केला, आवाज बंद करा म्हणून. जयकुमार बिस्किटांच्या कंपनीत गेला होता. नव्या मुलीनं सांगितलं, आवाज आता कंपनीचा आहे, अम्मांनी बोटानं होकार दिलेला आहे; पण नोंद घेते. तेराव्याला पंगत बसलेली असताना सुब्बलक्ष्मीच्या पिशवीतला फोन वाजला आणि सगळ्यांसमोर आत्याचा आवाज आनंदानं म्हणाला, हळदीकुंकू घे. आत्या वाढत होती. तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि आत गेली. त्यानंतर सकाळी तिनं कोणाकडे फोन लावला नाही. ती बोलायचीही कमी. बोललीच तर हळू, कोणी ऐकेल की काय अशी.

आठ महिन्यांनी कल्याणरामाच्या मुलीचं, बालाचं लग्न ठरलं. बोलावणं सांगायचं काम सुब्बलक्ष्मीच्या सुनेला, अक्षयाला दिलं. त्याबद्दल आत्याला कोणी काही बोललं नाही. अक्षया मात्र तिच्याकडे आली, कारण कोणत्या घरात कोणाकोणाचं नाव घ्यायचं ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. दोघी ओटीवर बसल्या. आत्या नावं सांगे, अक्षया फोन लावून बोले. सगळे उचलत होते. मी आत भाजी चिरत ऐकत होते. अक्षया हसून बोलायची आणि प्रत्येक घर तिला हसून उत्तर द्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या उठली नाही. नदीवर सगळी घरं आली. अक्षयानं सांगितलं होतं.

आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, यादीत एकच घर उरलं होतं. अक्षयानं नंबर काढला. आत्यानं तिचा हात धरला आणि म्हणाली, "हरिकृष्णाला थोडं थांबून कर, या वेळेला तो आंघोळीला असतो. आणि मी इथे बसलेय म्हणून सांगूं नको."