दोन बोटांचा प्ले

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. ताईला तर नाहीच — तिच्यासमोर ट्रॅक्टरचं नाव निघालं तरी मी उठून बाहेर जातो. तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? कदाचित तुम्ही दाजींना कधी पाहिलं नाही म्हणून.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. एकोणीसशे नव्वदनंतरची ती वर्षं. चलथाणच्या रस्त्यावर एका गॅरेजात ते ट्रॅक्टरचे मिस्त्री होते. मी धुळ्याकडून येऊन नवागामात लूमवर लागलेलो. त्या खडखडाटाने डोकं फुटायचं, झोपेतही कानात माग चालायचा. दाजींनीच मनुभाईंच्या हातापाया पडून मला त्यांच्या उसात छोट्या ट्रॅक्टरवर लावलं — दोन सऱ्यांच्या मधून जाणारा तो बुटका ट्रॅक्टर. माझ्या वतीने शब्द दिला त्यांनी.

दाजींच्या हाताला नाव होतं. क्लचचं पेडल ते हाताने दाबून बघायचे. आधी दोन बोटं ते मोकळं जायला हवं, मग जोर लागायला हवा. त्या मोकळ्या चालीला ते प्ले म्हणायचे; तो नसला की क्लच सदा अर्धा दाबलेलाच राहतो आणि आतली प्लेट घासून जळते. खालच्या रॉडचा नट सैल करायचा, रॉड फिरवायचा, प्ले जुळला की नट पुन्हा कसायचा — एवढंच काम. पण त्यांनी केलं की कुणी तपासत नसे.

आणि माझा पाय? तो सदा पेडलवर टेकलेला. दाजी दहादा ओरडले असतील, "पाय काढ रे भो, प्लेट जळेल!" मी हसायचो.

पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी पेडल जुळवून दिलं होतं. आणि एका दुपारी उसाच्या मधोमध जळका वास आला. इंजिन चालू, चाकं जागची हलेनात. प्लेट गेली होती. मनुभाईंनी आधीच बजावलेलं, पुन्हा काही मोडलंस तर घरी जा.

मी घाबरलो होतो का? हो. पण घाबरलेला माणूस पळतो. मी पळालो नाही — मी पाना काढला.

ट्रॅक्टरखाली शिरलो. नट सैल केला. रॉड फिरवत गेलो — प्ले पूर्ण संपेपर्यंत. नट कसला. आट्यांवर पान्याचे ताजे ओरखडे दिसत होते, त्यांवर ओली माती चोळली. हे सगळं शांत डोक्याने केलं. हात कापत होते असं सांगायला बरं वाटलं असतं. नव्हते कापत.

मनुभाई दाजींना घेऊन आले. दाजींनी हाताने पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही लावून दिलं तसंच आहे, दाजी. मी हात नाही लावला."

त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर — पण नाही घेतला. नुकताच लागलेला चष्मा काढून शर्टाच्या टोकाने किती वेळ पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "मन्हाच हात चुकना व्हई."

मनुभाई सगळ्यांदेखत बोलले त्यांना. गॅरेजवाल्यानेही नंतर काम कमी केलं, पण ते निमित्त. दाजींनी स्वतःच पाना सोडला. नट कसला की पुन्हा सोडून बघायचे, पुन्हा कसायचे, मग तिथेच बसून राहायचे. शेवटी लूमवर गेले — मी जिथून सुटलो होतो, तिथेच. मी ट्रॅक्टरवरच राहिलो, आणखी सहा वर्षं.

एकदा नवागामात त्यांच्या खोलीवर गेलो, तर पंखा लावायचा होता. दाजींनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. "तू कस रे भो. मन्हा हातना भरवसा नही."

मी चढलो. पंख्याचा नट कसला. खाली उतरून ताईच्या हातचा चहा प्यालो.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ताई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "यांचा हात लवकर गेला हो." मी तिथेच बसलेला असतो. मान हलवतो.