मध्यंतरातला गुलाल

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! लोणावळ्यात आमच्या रेल्वेवाल्यांची गोऱ्या सोल्जरांशी फुटबॉलची मॅच होती. माझा थोरला भाऊ गोलकीपर. जिंकणाऱ्या कॅप्टनला बांधायला आबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, नवा फेटा आणलेला.

मध्यंतराला आम्ही चार-शून्यने पुढे! कुस्तीच्या फडात वाढलेल्या आबांना वाटलं, निकाल लागला. त्यांनी सगळ्या टीमवर गुलाल उधळला.

"आबा, आजून अर्धी मॅच ऱ्हायलीय!" भाऊ डोळे चोळत ओरडला.

धुऊनही त्याचे डोळे उघडेनात. पाच गोल खाल्ले! चार-पाचने हरलो!

आबा उठले आणि त्यांनी फेटा गोऱ्या कॅप्टनलाच बांधला. "जिकला त्येचा फेटा!"

पहिली टाळी लालभडक डोळ्यांच्या भावाने वाजवली. मी बघतच राहिलो. तुमच्याकडे झालंय का हो असं कधी?