वरच्या काकांच्या अकरा ओळी

संगणकाला 'अहो' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहत होता. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत मी तिसऱ्या मजल्यावर आणि ते चौथ्या, म्हणून ते माझे 'वरचे काका'. पुढे सगळी सोसायटीच, अगदी पाचव्या मजल्यावरची मंडळीसुद्धा, त्यांना वरचे काका म्हणू लागली. जन्म खाडीपलीकडच्या मोरा बंदराचा, नोकरी उरणकडे एका ऑफिसात कारकुनाची, आणि लोक गुडघ्यांना तेल चोळायला लागतात त्या वयात काकांना प्रोग्राम लिहिण्याचा नाद लागला. घरी संगणक नव्हता. म्हणून आधी सगळा प्रोग्राम आखीव वहीत पेन्सिलीने लिहायचा, शनिवारी काम आटोपलं की साहेबांना विचारून ऑफिसच्या संगणकावर टाइप करायचा आणि फ्लॉपी जेवणाच्या डब्याच्या रिकाम्या पुडात घालून घरी आणायची. काकांच्या फ्लॉपीला सुकटीचा वास यायचा. ती मी माझ्या संगणकात सरकवली की आमची ही उठून खिडकी उघडायची.

त्यांचा प्रोग्राम वाचणं म्हणजे त्यांच्या घरच्या लग्नाला जाऊन येणं. बाकीचे प्रोग्रामर आकड्यांना 'आय', 'जे', 'के' अशी नावं देतात. काका म्हणत, "ही कोन मानसं? ओळख ना पाळख." त्यांच्याकडे प्रत्येक आकडा नात्यातला होता. काही केल्या बदलत नाही ती 'सासू'. अधूनमधून उगवतो आणि आला की सगळी कामं टाकून आधी त्याच्याकडे बघावं लागतं तो 'जावई'. काही चुकलं तर पडद्यावर 'माफ करा, तसदी दिली, पुन्हा एकदा बघता का' असं उमटायचं, आणि हे सगळं रोमन लिपीतल्या मराठीत. शिवाय प्रत्येक प्रोग्रामच्या दोन प्रती. एक जुईनगरला, दुसरी मोऱ्याला बहिणीकडे. का, तर "खाडीच्या एका अंगाला काय झालं तर दुसऱ्या अंगाला ऱ्हायला पायजे." काय व्हायचं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. मी आणि माझे तीन-चार मित्र ईमेलवरून एक मराठी दिनदर्शिका तयार करत होतो. तिथी, सण, भरती-ओहोटी, सगळं दाखवणारी. ती फुकट तर होतीच, पण तिचा कोडही उघडा होता. कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. लोकांनी आपण लिहिलेलं दान करायचं आणि मी ते एकमेकांत मिसळून एकजीव करायचं, अशी कामाची वाटणी होती. भरती-ओहोटीसाठी दोन दानं आली. एक पुण्याच्या एका प्राध्यापकांचं, कडक इस्त्री केल्यासारखं. दुसरं वरच्या काकांचं. त्या फ्लॉपीच्या लेबलावर हळदीचं बोट लावलेलं होतं, बहुधा काकींनी.

आता जे सांगतो ते सांगताना आजही माझी मान खाली जाते. काकांचा कोड मला पटला नाही म्हणून मी बाजूला ठेवला असता तर एक वेळ चाललं असतं. मी तो वाचलाच नाही. पहिल्या पानावर सासू आणि जावई दिसले आणि मला आमच्या गटासाठी ईमेलवरून कोड तपासून देणारा एक परदेशी स्वयंसेवक आठवला. हा इसम मला कधी बघणार नव्हता, तरी त्याला ईमेल लिहिण्यापूर्वी मी भांग सारखा करून बसायचो. तो काय म्हणेल, या एका विचाराने मी प्राध्यापकांचा कोड अख्खाच्या अख्खा घेतला आणि काकांची फ्लॉपी खणात टाकली. दोन दिवसांनी जिन्यात काका भेटले. हातात दुधीभोपळा. "मिसळलं का आमचं?"

"मिसळलं की. एकदम एकजीव झालं, काका."

इतकं सहज खोटं मी ऑफिसात रजा मागतानाही बोललो नव्हतो. वर ते झाकायला म्हणून दात्यांच्या यादीत काकांचं नाव सगळ्यात वर घातलं. काकांनी त्या पानाची छापील प्रत मागून घेतली आणि सोसायटीत घरोघर पेढे वाटले. माझ्या घरीही दोन दिले. मी दोन्ही खाल्ले.

मोऱ्याला ओहोटीच्या वेळी धक्क्यापाशी गाळ उघडा पडतो आणि पाणी चढेपर्यंत मुंबईची लाँच लागत नाही. ती कधी लागेल आणि कधी नाही, याचा महिन्याचा तक्ता काकांनी आमच्या दिनदर्शिकेवरून काढला आणि धक्क्यावर चिकटवला. त्याच महिन्यात त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता. मुलाकडची माणसं गिरगावची. मुलीचे मामा म्हणून काकांनीच तक्ता बघून वेळ कळवली, त्याप्रमाणे ती नटूनथटून, मिठाईच्या टोपल्या घेऊन भाऊच्या धक्क्यावर हजर झाली. लाँच हलेना. तांडेल म्हणाला, "मोऱ्याला पानी नाय. बोट काय खांद्यावर नेऊ?" दोन तास ती मंडळी उन्हात टोपल्यांवरच्या माश्या हाकत बसली आणि इकडे मुहूर्त टळून गेला. साखरपुडा झाला, पण ज्या गावात काकांचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिला नव्हता, तिथली पोरंसोरं 'मामाचा संगनक गाळात' म्हणून हसू लागली. मुलाच्या वडलांनी भर मांडवात विचारलं, हा कागद कुणाचा? काका उठून उभे राहिले. "कागद माझा. चूक माझी." हे मला काका नाही बोलले. काकींनी आमच्या हिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्याकडे दिनदर्शिकेचा सगळा कोड छापून मागितला. "जरा वाचतो," एवढंच म्हणाले. नाही म्हणायला जागा नव्हती, तो कुणीही वाचावा अशी तर आमचीच जाहिरात. पुढचे पंधरा दिवस मी जिना चढताना काकांच्या चपलांचा आवाज आला की खालीच रेंगाळायचो. त्यांना त्या गठ्ठ्यात काय सापडणार नाही, हे एकट्या मला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी ते डबा घेऊन आले. मी खुर्ची पुढे केली, पंखा वाढवला, चहा टाकायला सांगितलं. काका सावकाश बसले. "तुमी म्हनालात मिसळलं. मी सगळा वाचला. आमची एक पन ओळ नाय."

"काका, ते असं होतं की, सुसंगती राहावी म्हणून…" मी बराच वेळ बोललो. मधेमधे इंग्रजीही वापरलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या प्राध्यापकांचा कोड चांगला हाय," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला हाय, खोटं कशाला बोलू. फक्त त्यांना मोऱ्याचा गाळ म्हाईत नाय. त्यांनी तरी कसा म्हाईत असावा? तो माझ्या कोडात होता." त्यांनी डब्यातून फ्लॉपी काढली. "अकरा ओळी हायत. त्यांच्यात बसतील अशा लिवल्यात. आनि यादीतलं माझं नाव मी खोडलंय. आधी ओळी घाला, मग नाव घाला. उलटं नको."

चहा न घेता गेले. रागावले होते म्हणून नव्हे, शनिवारचा त्यांचा उपास रविवारी अंघोळ झाल्याशिवाय सुटायचा नाही, असा काहीतरी त्यांचा नियम होता. निदान मी तरी स्वतःची तशी समजूत घातली.

मी फ्लॉपी उघडली. या वेळी प्रत्येक ओळ वाचली. अकराच्या अकरा स्वच्छ, प्राध्यापकांच्या धाटणीच्या, आणि सगळी नावं इंग्रजीत. सासू नव्हती, जावई नव्हता. माझी लाज त्यांना बरोबर कळली होती, आणि त्यांनी आपलं सगळं गणगोत माझ्यासाठी घराबाहेर काढलं होतं. मला हवं होतं अगदी तसंच. आमच्या हिने त्या दिवशीही खिडकी उघडली, तेव्हा मी ती लावून घ्यायला सांगितली.

ओळी घातल्या, मग नाव घातलं. पुढच्या महिन्याचा तक्ता मिनिटाला बरोबर ठरला, आणि मोऱ्याची पोरं हसायची थांबली असं काकींकडून कळलं. निवृत्तीनंतर काका मोऱ्याला राहायला गेले. निघताना जिन्यात त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. माफी मागायची हीच वेळ, असं मला वाटलं, आणि मी विचारलं, "टेम्पो सांगितलाय ना, काका?"

ओळी घालताना मी फक्त एक बदल केला होता. मोऱ्याच्या गाळाचा तो न बदलणारा आकडा, त्याचं इंग्रजी नाव काढून मी तिथे पुन्हा 'सासू' लिहिलं. अजून दर वर्षी कुणी ना कुणी नवा स्वयंसेवक विचारतो की हा काय शब्द आहे, बदलू का. मी कळवतो की मूळ लेखकाने दिलेलं नाव आहे, हात लावू नये. ते खरं नाही, या ओळींतून काकांनी ते स्वतःच्या हाताने काढलं होतं. काकांच्या नावावर मी अजून एक खोटं चालवतोच आहे.