भासऱ्यांशी बोलले तो दिवस

आमच्याकडे भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, धाकटीनं समोरासमोर बोलायचं नाही अशी रीत. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. विदर्भ सोडून भोपाळला आलो, शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये शेजारपाजार सगळा हिंदी बोलणारा, तरी ही रीत सुटली नाही. तसं मला कुणाशीच फार बोलता येत नाही. म्हणून लिहून ठेवते.

भासरे नागपूरहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. त्यांचा मुलगा आणि सून दोघं नोकरीला, डोळ्यांत औषध घालायला घरी कुणी नाही. पंधरा दिवस म्हणून आले. तेव्हा गणपती बसायचे होते. पुढे मी संक्रांतीचे तीळ भाजायला घेतले तरी ते बाहेरच्या खोलीत दिवाणावर होतेच.

माणूस वाईट नाही. भाजी निवडून द्यायचे. पोरीनं डोळ्यांत थेंब घातले की डोळे मिटून तिला तिच्या बाबांच्या लहानपणच्या खोड्या सांगायचे. पण खोल्या दोनच. पोरीचं टेबल बाहेरच्या खोलीत, तिथेच टीव्ही, आणि त्यांना ऐकू कमी येतं म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. पोरगी बारावीला. ती स्वयंपाकघरात पाट टाकून अभ्यासाला बसायची. कुकरची वाफ, फोडणीचा ठसका. तिच्या वहीवर हळदीची बोटं उमटलेली, ती माझीच. शाळेतल्या सराव परीक्षेत फिजिक्समध्ये नापास झाली.

यजमानांना सांगितलं, तर म्हणाले, दादांनी स्वतःचं शिक्षण सोडून मला शिकवलं, मी कोणत्या तोंडानं जा म्हणू. समोरच्या भाभी कपडे वाळत घालताना विचारायच्या, "जेठजी का राशन कार्ड यहीं बनवा लिया क्या?" मी हसून आत यायची.

खरं तर भासरे तीनदा जायला निघाले होते. पोरीला म्हणायचे, आईला सांग, उद्याच्या गाडीनं निघावं म्हणतो. मी दाराआडून पोरीजवळ निरोप द्यायची, म्हणावं एवढी काय घाई, आमच्या हातचं गोड लागत नाही का. असं म्हणायचंच असतं. पाहुण्यानं निघतो म्हणायचं, आपण थांबा म्हणायचं, मग पाहुण्यानं पुन्हा निघतो म्हणायचं. भासरे पुन्हा म्हणायचेच नाहीत. पिशवी परत दिवाणाखाली जायची. मला वाटायचं, यांना जायचंच नाही.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी पोरगी म्हणाली, "आई, परीक्षेपर्यंत मी अवधपुरी कॉलनीत मैत्रिणीकडे राहू का? तिला वेगळी खोली आहे."

तीळ करपले. पाहुणे घरात आणि पोर घराबाहेर.

ती क्लासला गेल्यावर मी डोक्यावर पदर घेतला आणि चहा घेऊन स्वतःच बाहेरच्या खोलीत गेले. दारात सावली दिसताच भासऱ्यांनी सवयीनं पोरीला हाक मारली. मी म्हटलं, "ती नाही, मी आहे. भाऊजी, पोरीला ही खोली लागते. बारावीचं वर्ष आहे तिचं." आवाज इतका बारीक निघाला की टीव्हीपुढे त्यांना काही कळलं नाही. त्यांनी टीव्ही बंद केला. मला सगळं पुन्हा म्हणावं लागलं.

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "तुम्ही दर वेळी थांबवत होता. मला वाटलं, गेलो तर वाईट वाटेल तुम्हाला. घरी मला कुणी थांब म्हणत नाही."

"वाईट तर वाटेलच," मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी आणि यजमानांनी दिवाण सरकवून पोरीचं टेबल खिडकीशी लावलं. संक्रांतीचा तिळगूळ खाऊन दुसऱ्या दिवशी ते निघाले. दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. या वेळी मी थांबा म्हटलं नाही. जीभ किती वळवळली ते मला ठाऊक.

आता त्यांचा फोन येतो तो मलाच. ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं, भाभींच्या घरापर्यंत जातं. परवा विचारत होते, येऊ का.

मी म्हटलं, "परीक्षा झाल्यावर या. आठ दिवस."

मग म्हणाले, "दहा."

"बरं, दहा," मी म्हटलं.