चर्चच्या भिंतीवरची काच

दर रविवारी सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून निघत आणि कुठे जातात ते सांगत नसत. ते गवंडी. गावापासून दोन कोसांवरचं कॅथलिक चर्च त्यांच्याच हातचं. लोकांना ते तिकडेच जाताना दिसत. पण चर्च बांधून तर वर्ष उलटलं होतं. मग तिथे त्यांचं काय काम?

शेजारच्या काकूने मायला नळावर टोमणा मारला, "तुह्या घरी केक कधी कापून राह्यले वं?" माय हसली, पण घरी येऊन तिने बाबांचे खिसे तपासले. क्रॉस नव्हता. काचेची एक लांबट पट्टी निघाली. मला त्या काचेचाच जास्त संशय आला.

मी तेव्हा यवतमाळला कॉलेजात होते. आमच्या घरातून तिथवर पोचलेली पहिलीच. इतिहासाच्या सरांनी जवळच्या एखाद्या इमारतीचा इतिहास लिहायला सांगितला होता. मी चर्च निवडलं. खरं सांगायचं तर अभ्यास हे निमित्त होतं, पाळत बाबांवर ठेवायची होती.

चर्चच्या फादरांनी सगळं सांगितलं. आधी कुडाची खोली, मग पत्र्याची, शेवटी हे पक्कं. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. शेतात काम नाही म्हणून अर्धं गाव पाया खोदायला आलं. "मुरूम, म्हणजे खालचा घट्ट थर, लागेपर्यंत खोदलं. तुझ्या बाबांनी स्वतः उतरून पाहिलं." मी लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी मी बाबांच्या मागोमाग गेले. आत लोक गात होते. बाबा बाहेर, मागच्या भिंतीशी गुडघे टेकून, मान खाली घालून बसलेले. म्हणजे काकूचं खरं होतं? जवळ गेले तर भिंतीला केसाएवढा तडा, आणि त्यावर सिमेंटने चिकटवलेली आडवी काच.

"हे काय बाबा?"

ते दचकले. "भिंत हालली का काच फुटते. मंग समजते."

"आजवर फुटली का कधी?"

"हे तिसरी हाय."

"पण पाया तर मुरमावर आहे ना?"

बाबा तड्यावरून बोट फिरवत राहिले. "तीन कोपऱ्यांत मुरूम लागलता. या कोपऱ्यात पहार टणटण वाजली. मे महिना, काळी माती दगडावानी झालती. म्या मुरूमच समजलो. पावसाळ्यात ते फुगली, तवा समजलं." मग हळूच म्हणाले, "वहीत लिहू नको बाई. गवंड्याचा शब्द गेला का त्याले कोणी पायरीबी बांधू देत नाही."

मी वही मिटून काखेत धरली. नुसती काच बदलत राहून बाबा लोकांना फसवत होते की स्वतःला, हेच मला कळेना.

प्रार्थना संपली. दोन म्हाताऱ्या बाया येऊन त्याच भिंतीला पाठ टेकून सावलीत बसल्या. काच बारीक आवाज करून तडकली, की तडकलेलीच होती आणि मला तेव्हा दिसली, सांगता येत नाही. बाबा एकदम उठले.

"मावशे, उठा तिथून. उठा म्हणतो ना!" मग दाराकडे वळून म्हणाले, "फादर, जरा इकडं या. हा कोपरा खोदा लागते. मीच खोदतो, मजुरी नाही मागत."

फादर आले, खाली वाकून त्यांनी काच पाहिली.

"कधीपासून माहीत होतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडून 'मुरूम लागेपर्यंत खोदलं' ही ओळ खोडत होते.

"पावसाळ्यापासून," बाबा म्हणाले.