दिव्यावरचं कुंकू

देवराम ड्रायव्हरला कान होते. कान सगळ्यांनाच असतात, पण आपले देवानं खास घडवलेत असं त्याचं स्वतःचं मत होतं, आणि ते तो बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ऐकवी. मी त्याचा शेजारी, त्यामुळे मी ते सगळ्यात जास्त वेळा ऐकलं. ही गोष्ट मात्र त्यानं मला फार उशिरा, पार म्हातारपणी सांगितली.

बारा वर्षं बस चालवून तो फोपनार गावच्या भाईदास पाटलांकडे लागला. पाटलांची केळी तेव्हा जोरात होती. छप्पन्न साली त्यांनी मोटार घेतली, आणि त्या मोटारीत स्टिअरिंगच्या पुढे एक लाल दिवा होता. विकणाऱ्यानं नीट समजावलं की हा दिवा पेटला म्हणजे इंजिनात तेल पुरत नाही, गाडी तिथल्या तिथं बंद करायची. देवराम म्हणाला, "भाऊ, मोटार कानानं चालवायची असते. दिवे पाहून चालवाले मी काय नवशिका हाय?"

पाटलांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते गावभर सांगितलं. आपली फुशारकी आपण केली तर विसरता येते. मालकानं केली की निभवावी लागते.

दसऱ्याच्या चार दिवस आधी दिवा पेटला. देवराम एकटाच नदीवरच्या राजघाटावरून परत येत होता. त्यानं तेल पाहिलं, कमी होतं, डबा ओतला. दिवा विझला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लुकलुकायला लागला. मोटार ठेवायच्या छपरात खाली तेलाचे डाग पडत, त्यावर तो राख टाके. पाटलांना सांगून गाडी मिस्त्रीकडे न्यायची, एवढंच काम होतं. पण ज्यानं दिव्याला हिणवलं, त्यानंच दिव्याचं ऐकून मालकाकडे कसं जायचं? शिवाय पाटलांना दसऱ्याला मोटारीतून बुऱ्हाणपुरात सोनं वाटत फिरायचं होतं.

दसऱ्याला रंभाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. या पाटलांच्या बायको. त्यांच्या हाताला यश आहे असं सारं गाव मानी. नवी बैलगाडी येवो की नवा नांगर, पहिलं कुंकू रंभाबाईंच्या हातचं, ही फोपनारची रीतच होती. घरात पाटलांपुढे त्यांचा शब्द चालत नसे, पण या एका गोष्टीत त्यांना गावात मोठा मान होता. त्यांनी मोटारीच्या टपाला, चाकांना, स्टिअरिंगला कुंकू लावलं. देवरामनं दार उघडं धरलं होतं.

"माय, ह्या लाल दिव्याले बी लावा," तो म्हणाला.

"झाकला जाईन ना रे. मग तुले दिसीन कसा?"

"मले कान हायेत ना, माय."

त्या हसल्या आणि ओल्या कुंकवाचं बोट त्यांनी काचेवर टेकवलं. देवराम म्हणाला, "अजून थोडं." पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही, ते आपोआप जाईल तेव्हा जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं; तोवर पेटलेला दिवा पाटलांना दिसणार नव्हता. त्या क्षणी आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, असं त्यानं मला सांगितलं आणि तोंड फिरवलं.

दहा-बारा दिवसांनी पाटील खंडव्याला निघाले. प्रांतांची फेररचना होऊन नवं राज्य व्हायला आठवडा उरला होता, कुठली कचेरी कुठं जाणार याची चौकशी करायची होती. सोबत एक पाहुणे होते. असीरगडाच्या चढावर इंजिनातून टकटक यायला लागली. देवरामचे कान खरोखरच चांगले होते, त्याला ती पहिल्या ठोक्याला ऐकू आली. मागे पाटील पाहुण्यांना त्याच कानांचं कौतुक सांगत होते. चढ संपेपर्यंत जाऊ, असं त्यानं ठरवलं. चढ संपायच्या आत इंजिन जाम झालं.

बुऱ्हाणपूरच्या मिस्त्रीनं किल्ली फिरवली, नखानं कुंकू खरवडलं, तर आत दिवा लालभडक. तो म्हणाला, यात ड्रायव्हरचा काय दोष, त्याला दिवा दिसतच नव्हता.

घरी पाटलांनी अंगणात, कामावरच्या बायांसमोर विचारलं, दिव्यावर कुंकू कुणी लावलं. रंभाबाईंनी देवरामकडे पाहिलं. त्यानं खाली पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "मीच लावलं."

ते खोटंही नव्हतं.

पाटील फार रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या गोष्टीची गंमत केली. बायकोच्या भक्तीनं इंजिन खाल्लं, असं ते येईल त्या पाहुण्याला सांगत. गावानं ती ऐकली आणि नव्या बैलगाड्या रंभाबाईंच्या दारी यायच्या हळूहळू बंद झाल्या. कुणी वाईट बोललं नाही, फक्त त्यांना कुणी बोलावीना. देवराम हे रोज पाहत होता. आज सांगू, उद्या सांगू, असं करत वर्ष गेलं. नोकरी गेली असती असंही नाही, पाटील तसे दिलदार होते. पण लोक हसले असते, आणि ते त्याला सोसवलं नसतं. रंभाबाई पूर्वीप्रमाणेच दुपारी त्याच्यासाठी भाकरी आणि ठेचा पाठवत. तो घास गिळताना आपल्याला आपलीच किळस यायची, असं तो म्हणाला.

पुढच्या दसऱ्याला ताट सुनेच्या, उषाच्या, हातात होतं. रंभाबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. देवरामनं मोटारीचं दार उघडून धरलं. उषानं स्टिअरिंगला कुंकू लावलं आणि बोट पुढे नेलं, तेव्हा आतून रंभाबाई शांतपणे म्हणाल्या, "दिव्याले नको लावू, पोरी. देवरामले तो दिसू दे."

त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या. सांगायचं तर हीच वेळ होती, दोन शब्दांचं काम होतं. पण पाटील मोठ्यानं हसून म्हणाले, पाहा, एक इंजिन गेलं पण आमची बाई शहाणी झाली. अंगणातले सगळे हसले.

"आणि मी बी हसलो," देवराम मला म्हणाला.