जागेपणी उघडलेला हात

प्रकाशा या आमच्या गावात, आमच्या गल्लीत कुणाकडे सणाचं जेवण ठरलं, की पाहुण्यांची यादी मागाहून होते, आधी सुंदरबाईला विचारतात, "वहिनी, तू मोकळी शे ना?" कारण खापरावरचे मांडे करावेत तर तिनेच. चुलीवर उलटं घातलेलं मातीचं खापर, धगीने लाल झालेला चेहरा, आणि पुरण भरलेली ती पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवत नेणं. इतर बायका मांडा करतात, सुंदरबाई तो नुसता हातावर खेळवते. मी शेजारीण असूनही हे मला आजवर जमलेलं नाही, आणि जमत नाही याचा मला रागही येतो.

मी रूपाली. नंदुरबारला एका कार्यालयात नोकरी करते, रोज एसटीने जाते-येते. माझी जीभ जरा तिखट आहे असं गल्ली म्हणते. रोज मिरचीच्या बाजारावरून शिंकत जाणाऱ्या बाईची जीभ गोड कशी राहणार?

दोन वर्षांपूर्वी श्रावणात सुंदरबाईच्या जेठांकडे, म्हणजे थोरल्या दिरांकडे, सुकलालनानांकडे, कानबाई देवी बसली होती. देवीच्या नैवेद्याचे रोट झाले, मांडे झाले, भज्यांचं तेल तापत होतं. चुलीचा दगड हलला आणि कढई कलंडली ती सुंदरबाईच्या उजव्या हातावर. एक जण टूथपेस्ट घेऊन धावली, एक जण हळद. मी दोघींना ढकलून तिचा हात पाण्याच्या धारेखाली धरला आणि तिचा नवरा हेमराज याला गाडी काढायला लावली.

नंदुरबारच्या दवाखान्यात मांडीची कातडी काढून तळहातावर लावली. जखम भरली. पण भरता भरता कातडी आखडायला लागली आणि बोटं आत वळायला लागली. व्यायाम करून घेणारा नवनीत नावाचा मुलगा होता, बोलायला गोड आणि हाताने कठोर. त्याने स्पष्ट सांगितलं, "मावशी, रोज ताणून बोटं उघडायची. नाहीतर मूठ अशीच बसेल आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागेल." त्याने पहिल्यांदा बोट ताणलं तेव्हा सुंदरबाई अशी ओरडली की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले. पुढे पुढे तर नवनीत दारात दिसला तरी तिची मूठ गच्च मिटायची. मग तिने जाणंच सोडलं.

घरी दुसरंच चाललं होतं. सुकलालनानांनी निकाल देऊन टाकला होता, "देवीनी बांधेल हात शे तो. आपलं कोठे चुकनं ते आधी दखा, मंग दवाखाना करा." नाना वाईट माणूस नाही. पण देवीच्या दिवशी, देवीच्या चुलीवर, देवीच्या कामात हात भाजला, म्हणजे काही तरी चुकलंच असणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि चूक कुणाची? ज्याचा हात भाजला त्याची. म्हणजे भाजली सुंदरबाई आणि गुन्हेगारही सुंदरबाई. मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्या घरचा चहा घेतला नाही.

नवनीतनेच मला डॉ. निशा वसावेंचं नाव सांगितलं. या बाई धडगावकडच्या, ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टर. त्या संमोहन शिकून आल्या होत्या आणि भाजलेल्या माणसांची पट्टी बदलताना, ताण देताना ते वापरायच्या.

संमोहन हा शब्द गल्लीत पोचला आणि एकच गोंधळ उडाला. हेमराजने कधी तरी यात्रेत खेळ पाहिला होता. त्यात एक पोऱ्या सफरचंद समजून कच्चा कांदा खात होता. तो घाबरून म्हणाला, "परत जागीच नही उनी ते?" नानांची बायको कमलबाई हिला वेगळीच काळजी. "बेसुधमा घरनं बठ्ठं बोली टाकी ती!" असं ती तोंडाला पदर लावून म्हणाली. घरातल्या सगळ्यातली नेमकी कोणती गोष्ट बाहेर येण्याची तिला भीती होती हे मला अजून कळलेलं नाही. नाना म्हणाले, "दुसराना ताबामा जीव देना कसाले?"

सुंदरबाई डाव्या हाताने लसूण सोलत सगळं ऐकत होती. तिने उजवी मूठ मांडीवर ठेवली, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मन्हा हात शे. मी जासू. रूपाली, सकायनी गाडी कव्हय शे?" मी तिला सकाळच्या एसटीची वेळ सांगितली.

डॉक्टरबाईंच्या खोलीत एक खुर्ची, एक पंखा, बस. लंबकासारखं काही तरी डोळ्यांसमोर हलवतील म्हणून मी टक लावून बघत होते. तिथलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा बंद होतं. त्यांनी सुंदरबाईला डोळे मिटायला सांगितले, श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि हळू आवाजात बोलत राहिल्या. थोड्या वेळाने डोळे उघडून सुंदरबाई माझ्यावरच उखडली, "माले बठ्ठं आयकू येत व्हतं! पंखाना आवाज, बाहेरनी रिक्षा, तुन्हा खोकला. मंग कसानं संमोहन? फसाडी ऱ्हायनात आपले."

डॉक्टरबाई हसल्या. "ऐकू येणारच. तुम्ही झोपल्या नव्हतात, बेशुद्धही नव्हतात. मला एक सांगा, मांडा हातावर फिरवताना शेजारची काय बोलते ते ऐकू येतं?"

"येस ना. पन तिकडे ध्यान नही ऱ्हास."

"तेच. एवढंच आहे हे. ध्यान एका ठिकाणी नेऊन ठेवायचं, म्हणजे दुखणं शेजारणीसारखं बडबडत राहतं आणि आपण आपलं काम करतो."

मग हेमराजचा कांदा मी बाहेर काढला. त्या म्हणाल्या, "खेळात पुढे जाणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की आपण गंमत करायला चाललोय. इथे तुमच्या मनाविरुद्ध मला काही करून घेता येत नाही, वदवून घेता येत नाही. नको वाटलं तर डोळे उघडा आणि उठा. मी मध्येच निघून गेले तरी तुम्ही अडकून पडणार नाही. फार तर डुलकी काढाल आणि जाग्या व्हाल." मग त्या थोड्या गंभीर झाल्या. "पण हेही ऐका. हे सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. आणि याने कातडी सैल होत नाही. बोटं उघडायची ती नवनीतने ताणून आणि तुम्ही सोसून. मी फक्त सोसणं हलकं करायला मदत करीन."

मला वाटलं, एवढा खरेपणा ऐकून सुंदरबाई आता घरी जाईल. ती पदर खोचून पुन्हा खुर्चीत बसली. "मंग परत करा."

या वेळी डॉक्टरबाईंनी तिच्याकडूनच माल घेतला. कणीक कशी भिजवता, किती मळता, हाताला कशी लागते, हे विचारत विचारत तिला तिच्याच स्वयंपाकघरात नेलं. थंड, ओली, सैल कणीक तळहातावर पसरते आहे, बोटांच्या मधून जाते आहे. मिटलेल्या डोळ्यांनी सुंदरबाई उत्तरं देत होती. मध्येच तिने डॉक्टरबाईंना, कणकेत इतकं मीठ घालत नाहीत, असं सुनावलंही. तोवर आत आलेल्या नवनीतने हळूच तिचं बोट धरलं. ती कण्हली, कपाळाला आठ्या पडल्या, पण हात ओढला नाही. नंतर मी विचारलं, दुखलं का? ती जरा विचार करून म्हणाली, "दुखस. पन दूर दुखस."

त्या दिवसापासून तिने हट्टच धरला. दवाखान्याचा वार चुकवला नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून, डोळे मिटून, डॉक्टरबाईंनी शिकवलं तसं करायची आणि मग डाव्या हाताने उजव्याची बोटं स्वतः ताणायची. काही दिवस काहीच हलायचं नाही. काही दिवस आदल्या दिवशीचं उघडलेलं सकाळी पुन्हा आखडलेलं असायचं. ती रडायची, शिव्या द्यायची, नवनीतच्या खानदानाचा उद्धार करायची आणि पुन्हा डोळे मिटून बसायची. मी तिला कितीदा म्हटलं, आज राहू दे. तिने माझं एकदाही ऐकलं नाही, आणि बरंच केलं.

पण ओट्यावर डोळे मिटून बसणारी बाई गल्लीला दिसणारच. आमच्याकडे कानबाई बायकांच्या अंगात येते. त्या वेळी तिच्या पुढे बसून, हात जोडून घरचे प्रश्न विचारतात आणि देवी बोलते, असं सगळे मानतात. त्यात दुखत असूनही सुंदरबाई ओरडत नाही, हे कमलबाईने ऐकलं. तिने दोन्ही गोष्टी जोडल्या. झालं! दवाखान्यातली बाई डोळे मिटायला लावते, म्हणजे देवी अंगात आणते. मग चूक काय झाली ते तिथेच विचारून घेऊ.

एका सकाळी नवनीत खोलीत शिरला आणि त्याच्या मागोमाग, दार लागायच्या आत, सुकलालनाना शिरले. हातात नारळ. मागे हळदकुंकवाची कोयरी घेऊन कमलबाई. सुंदरबाईचे डोळे मिटलेले होते, करंगळीशेजारचं बोट नवनीतच्या हातात होतं. त्या दिवशी ते बोट पूर्ण उघडायचं ठरलं होतं. त्याच बोटावर सगळं अडलं होतं. डॉक्टरबाई "काका, बाहेर थांबा" म्हणेपर्यंत नाना खाली बसले, नारळ पुढे ठेवला आणि हात जोडून म्हणाले, "माय, आमनं काय चुकनं? सांग."

आता ही दचकणार, मूठ मिटणार आणि आठवड्याची मेहनत वाया.

सुंदरबाईने डोळे उघडले. हात नवनीतच्या हातात तसाच. जेठासमोर डोक्यावरचा पदर घसरलेला, तोही तिने सावरला नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती नानांशी कधी सरळ बोलली नव्हती.

"नाना, कोनचं काही चुकनं नही. चुल्हाना दगड हालना, कढई कलंडनी. इतलंच."

कमलबाईने माझं मनगट धरलं. "देवीच शे! ती कव्हय बोलस का नानासंगे?" आणि कुंकू घेऊन पुढे झाली. नानांनी डोकं जमिनीला टेकवलं.

खरं सांगते, मी मनातल्या मनात म्हणत होते, सुंदर, हो म्हण. नुसती गप्प बस. देवी बोलली म्हटलं की घरातला दोष संपला, उद्यापासून कुणी तुला अडवणार नाही. मी असते तर वर एक साडीही मागून घेतली असती.

"नही कमलताई," सुंदरबाई म्हणाली. "देवी नही, मी सुंदर बोली ऱ्हायनी. मी जागी शे. माले बठ्ठं समजस. देवीले घर विचारा, मी बी हात जोडसू. आठे मी हात उघाडाले वनू. तुम्ही बाहेर बसा." मग नवनीतकडे वळली, "धर रे." आणि तिने डोळे मिटले.

डॉक्टरबाईंनी पुन्हा हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. नाना उठले, पण दारातच थांबले. नवनीतने बोट ताणलं. सुंदरबाईच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, श्वास मोठा मोठा चालला होता, पायाची बोटं चपलेत वळली होती. ती ओरडली नाही. बोट सरळ झालं.

नानांनी मला हळूच विचारलं, "लागस का तिले?"

"लागतं, नाना. तरी करते."

नाना निघाले, नारळ तिथेच राहिला. वॉर्डातल्या बायांनी तो फोडून खाल्ला.

त्यानंतर पुष्कळ दिवस ताणणं चाललं. करंगळी शेवटपर्यंत थोडी वाकडीच राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे ती इतकीच. सुंदरबाईने ते ऐकून घेतलं आणि बाकीच्या चार बोटांच्या मागे लागली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नानांच्या घरी चूल पेटली, खापर चढलं. अख्खी भावकी जमली होती. सुंदरबाईने पहिला मांडा हातावर घेतला आणि तो वाकड्या करंगळीला अडकून फाटला. तिने फाटका मांडा बाजूला टाकला, करंगळी खाली दाबली, हात थोडा तिरका धरला आणि दुसरा घेतला. तो कोपरापर्यंत गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं असं मी सांगितलं.

पुरुषांची पंगत बसली. नानांनी ताटातल्या मांड्याला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कानबाईनी किरपा. देवीनी उघाडा हात."

सुंदरबाई तुपाची वाटी घेऊन वाढत होती. ती त्यांच्यासमोर थांबली.

"हात देवीनी दिन्हा, नाना. उघाडा मी."

कमलबाईचा पदर तोंडाकडे गेला. नानांनी तिच्या त्या वाकड्या करंगळीकडे बराच वेळ पाहिलं.

"हां, बेटा," ते म्हणाले. "तूच उघाडा."